खोली आठची यादी

पुतण्याला अक्कल बेताची आहे, हे बाईंना तो सहा वर्षांचा असतानाच कळलं होतं. घरी पाहुणे आले होते, दारात वीस-बावीस जोडे पडले होते, आणि हा पठ्ठ्या एकटाच बाहेर बसून ते नीट लावत होता. लावून झाल्यावर सगळ्यांना हाताला धरधरून दाखवायला घेऊन गेला. डाव्या पायाचे सगळे एका भिंतीला, उजव्या पायाचे सगळे दुसऱ्या भिंतीला, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं. जाऊबाईंनी कौतुकानं त्याच्या गालावरून हात फिरवला. बाईंना स्वतःचा दुसरा जोडा शोधायला दहा मिनिटं लागली, आणि त्या दहा मिनिटांत त्यांनी त्याच्याबद्दल जे मत बनवलं, ते पुढच्या वीस वर्षांत बदलायची त्यांना गरज पडली नाही.

आता तो सव्वीस वर्षांचा झाला होता, दाढी ठेवत होता, आणि जोड्यांऐवजी त्याच्या हाती बांधकामाची यादी लागली होती.

कंपनी घरचीच. बाईंच्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, गवंडीकाम करता करता उभी केलेली. थोरले दीर, भावजी, गोड बोलून कामं आणायचे. बाईंचा नवरा सिमेंट, वाळू, लोखंड वेळेवर आणायचा आणि त्यापलीकडे जगातल्या कुठल्याही गोष्टीवर मत द्यायचा नाही. आणि बाई शेवट करायच्या. इमारत उभी राहिली, रंग लागला, की खोलीखोलीतून फिरून काय राहिलं, काय बिघडलं ते लिहायचं, ज्याचं त्याच्याकडून करून घ्यायचं, आणि शेवटी ताब्याच्या कागदावर इंजिनिअर म्हणून सही करायची की ह्या इमारतीत आता काही उरलेलं नाही. एकोणीस वर्षांत त्यांच्या सहीशिवाय एकाही इमारतीचा ताबा दिला गेला नव्हता, आणि सहीनंतर एकाही इमारतीतून तक्रार आली नव्हती. साइटवर सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. नवरासुद्धा.

बाईंची यादी वहीत असायची. लांबट वही, जाड पुठ्ठ्याची, प्रत्येक इमारतीला नवी. एका मजल्याला एक भाग. मजल्यात खोल्या क्रमानं, खोलीत आधी सुतार, मग रंगारी, मग फरशीवाला, मग प्लंबर. काम झालं की त्यावर रेघ. पान रेघांनी भरलं की ते उलटायचं आणि पुन्हा त्याच्याकडे बघायचं नाही. ही पद्धत बाईंनी स्वतः बसवली होती आणि तिच्यात सुधारणा सुचवणारा माणूस त्यांच्या मते एक तर आळशी होता, नाही तर नुकताच परीक्षा पास झालेला होता. पुतण्या दोन्ही होता.

तो शिकून आला तो एक अ‍ॅप घेऊन. सगळ्यांच्या फोनवर एकच यादी, कोणी कुठूनही बघावी, हवी तशी गटांत लावावी. यात वाईट काय होतं? काही नाही. वाईट होता तो पुतण्याच. त्याला काम करायचं नव्हतं, लावायचं होतं. एका आठवड्यात त्यानं सगळी कामं कारागिरांप्रमाणे लावली. दुसऱ्या आठवड्यात निकडीप्रमाणे: ‘आज’, ‘उद्या’, ‘लवकरच’. तिसऱ्या आठवड्यात गटांना रंग दिले, आणि सुताराच्या फोनवर सगळं लालभडक झालेलं बघून सुतार दोन दिवस कामावर आला नाही, त्याला वाटलं आपल्याला काढलं. चौथ्या आठवड्यात पुतण्यानं मीटिंग बोलावली ती गटांची नावं ठरवायला. बाईंनी त्या दिवसापासून त्याला ‘गटप्रमुख’ म्हणायला सुरुवात केली, आधी नवऱ्याजवळ, मग साइटवर, मग त्याच्या तोंडावर. नाव असं चिकटलं की प्लंबर एकदा भावजींनाच विचारून बसला, “गटप्रमुख आलेत का हो?” आणि भावजींना स्वतःच्या मुलाबद्दल “हो” म्हणावं लागलं.

सध्याची इमारत होती मुलींचं वसतिगृह. नर्सिंग शिकणाऱ्या मुली, शहाण्णव. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर आठ खोल्या, एका खोलीत तीन मुली. एक नंबरची खोली जिन्याजवळ, आठ नंबरची मागच्या कोपऱ्यात. चारही मजले एकावर एक, तंतोतंत सारखे. बाईंना अशा इमारती आवडायच्या. डोकं न चालवणाऱ्यांनाही त्यात चुकायला फारशी जागा नसते, असं त्या म्हणत.

पाच महिन्यांपूर्वीची गोष्ट. गटप्रमुख वही मागायला आला. त्या दिवसांत त्याच्यावर बाईंच्या वहीप्रमाणे अ‍ॅपमध्ये मजल्यांचे गट करायची पाळी आली होती, कारण बाकी कशानंच सुतार कामावर येत नव्हता.

“काकी, एक विचारू?”

“विचार. पण गटांबद्दल नको.”

“गटांबद्दलच आहे.” तो खरंच ओशाळला. “मागच्या कोपऱ्यातलं ते बाहेरचं सांडपाण्याचं चेंबर. पाणी मुरतंय त्यात. ते कुठल्या मजल्यात घालू? तळमजल्यात घालायचं तर ते जमिनीच्या खाली आहे.”

बाईंनी चष्मा काढला. समोर सुतार होता, रंगारी होता, हसायला माणसं होती.

“अरे, मग जमिनीखाली एक मजला काढ की! तळमजल्याचाही तळमजला. आणि त्यात एक चेंबर ठेव, आणि एक तू बस, गट करत.”

सुतार हसला. रंगारी हसला. गटप्रमुखही थोडा हसला, कारण सगळे हसताना न हसणं त्याला कधी जमायचं नाही.

“सांगा ना काकी. नुसतं मोकळं ठेवलं तर अ‍ॅप घेत नाही.”

“इतर म्हणून गट आहे ना तुझा? टाक ‘इतर’मध्ये. आणि जा आता.”

तो गेला. बाईंच्या वहीतही चेंबरला पान नव्हतं, कारण वही मजल्यांची होती. नंतर बघू म्हणून त्यांनी ते डोक्यात ठेवलं, आणि डोक्यात ठेवलेल्या गोष्टी बाई सहसा विसरत नसत.

ह्या इमारतीपुरतं दोन्ही चालू द्या, असा निवाडा अण्णांनी दिला होता. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, कमी ऐकू यायचं, पण ते कधी आणि किती हे त्यांच्या सोयीनं ठरायचं. बाईंची वहीही चालेल, नातवाचं अ‍ॅपही चालेल. शनिवारी मुली राहायला येणार, त्याआधी गुरुवारी सगळे बसू, दोन्ही याद्या बघू, आणि पुढच्या इमारतीपासून एकच यादी ठेवू. ती कोणाची, ते गुरुवारी ठरेल.

बाईंना ह्यात अपमान वाटला. एकोणीस वर्षांनंतर परीक्षा, आणि तीही कोणाबरोबर? ज्याला जोडे लावता येत नाहीत त्याच्याबरोबर. पण वाटला तरी त्यांनी तो गिळला, कारण निकालाबद्दल त्यांना काडीचीही शंका नव्हती. यादी गेली तर सही जाईल, आणि सही गेली तर घरच्या कंपनीत उरेल काय? जाऊबाईंबरोबर पडद्यांचे रंग निवडणं. त्यापेक्षा त्या नोकरी करतील, असं त्यांनी नवऱ्याला सांगून ठेवलं होतं. नवऱ्यानं मत दिलं नव्हतं.

सोमवारी शेवटची फेरी. बाई पुढे, सुतार मागे, त्याच्या खांद्यावर हत्यारांची पिशवी. तिसऱ्या मजल्यावर आठ नंबरचं दार वरच्या कोपऱ्यात घासत होतं.

“हे तासलं होतं ना तुम्ही?” बाईंनी विचारलं.

“दोनदा तासलं, बाई. परत घासतंय.”

“तुमच्या लाकडाला दमा आहे का? कधी फुगतं, कधी बसतं.”

“लाकूड चांगलं आहे, बाई. बाकीची दारं पण त्याच लाकडाची आहेत.”

“मग तासणारा तसला असेल.” बाईंनी नवी नोंद केली: दार घासतं, सुतार. जुन्या दोन्ही नोंदींवर रेघा होत्याच, त्या मागच्या पानांवर राहिल्या. सुतारानं रंधा काढला आणि तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत दाराची वरची कड तासायला लागला.

दुसऱ्या मजल्यावर रंगारी भेटला. आठ नंबरच्या खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीवर तिरकी भेग गेली होती, आणि ती पुट्टीनं भरलेल्या जागेतूनच गेली होती.

“पुट्टी वाळू दिली होती का रंग लावायच्या आधी?”

“दिली होती, बाई.”

“किती वेळ? चहा होईपर्यंत?”

रंगाऱ्यानं नखानं भेगेतली पुट्टी खरवडली. बाईंनी लिहिलं: भेग, रंगारी. कुठली चूक कोणाच्या आळसातून, कोणाच्या घाईतून, कोणाच्या अडाणीपणातून आली हे त्या दारातूनच ओळखायच्या, आणि एकदा माणूस सापडला की चुकीकडे पुन्हा बघायचं त्यांना कारण नसायचं. खाली उतरेपर्यंत फरशीवाल्याचाही उद्धार झाला, त्याचे सांधे उघडले होते म्हणून. कुठल्या खोलीत, हे सांगायला नकोच.

मंगळवारी बाईंच्या हाती घबाड लागलं.

गटप्रमुखानं रविवारभर बसून बाईंची आख्खी वही अ‍ॅपमध्ये चढवली होती. आख्खी म्हणजे रेघ मारलेल्या नोंदींसकट! झालेली कामं कोणी यादीत ठेवतं का? वर त्यानं मजला एका रकान्यात लिहिला होता आणि खोलीचा नंबर वेगळ्या रकान्यात, आणि मग आपल्या लाडक्या सवयीप्रमाणे सगळं गटांत लावलं होतं. खोलीप्रमाणे. गट करताना मजला तो विसरला होता.

बाईंनी फोनवर बघितलं, पुन्हा बघितलं, आणि खुर्चीत मागे टेकून बसल्या. खोल्यांचे आठ गट. खोली एक, खोली दोन, खोली तीन. चार मजल्यांच्या चार एक नंबर खोल्या एकाच नावाखाली, चार दोन नंबरच्या एकाच नावाखाली. तळमजल्याचा नळ, तिसऱ्या मजल्याची कडी, सगळं एकात एक. सुतारानं काय करायचं, दार डोक्यावर घेऊन चारही मजले फिरायचे? डावे जोडे एकीकडे, उजवे दुसरीकडे! वीस वर्षांत माणसाची इतकी कमी प्रगती व्हावी ह्याचं बाईंना खरंच नवल वाटलं.

त्यांनी त्याला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं दोन मिनिटांत दुरुस्त केलं असतं. त्याऐवजी बाईंनी सगळी यादी कागदावर छापून घेतली आणि बुधवारी निवांत बसून तिच्यावर लाल पेन चालवलं. सगळ्यात मोठा ढीग खोली आठचा होता, एकसष्ट नोंदी. बाकीच्या खोल्यांना आठ, नऊ, कुठे अकरा. वाचून दाखवायला मोठा ढीगच बरा, म्हणून बाईंनी त्यावर खूण केली. एकच नाव एकसष्ट वेळा मोठ्यानं वाचलं की कोणीही हसेल.

आणि मन इतकं प्रसन्न होतं की त्याच बैठकीत त्यांनी ताब्याचा कागद काढून त्यावर सहीही करून टाकली. तारीख तेवढी शनिवारी घालायची. फरशीवाल्याचे सांधे उरले होते, रंगाऱ्याची भेग उरली होती, दोन दिवसांत होण्यासारखी कामं. कागद घडी करून त्यांनी पर्समध्ये ठेवला.

गुरुवारी अकराला सगळे तळमजल्यावरच्या एक नंबरच्या खोलीत बसले. पलंग आलेले होते, गाद्या यायच्या होत्या, तेव्हा पलंगांच्या फळ्यांवरच. अण्णा खिडकीशी, भावजी त्यांच्या शेजारी, नवरा दाराजवळ, लवकर उठता यावं म्हणून. सुतार आणि रंगारी उभे. गटप्रमुख टॅब मांडीवर घेऊन बसला होता, नवा शर्ट घालून. नवा शर्ट बघून बाईंना आणखीच चेव आला.

“अण्णा, मी फार बोलत नाही,” बाई म्हणाल्या. “ह्याचीच यादी वाचते. तुम्हीच ठरवा.”

त्यांनी कागद झटकला.

“खोली आठ. दार वरच्या कोपऱ्यात घासतं, कडीच्या बाजूला. खोली आठ. दार वरच्या कोपऱ्यात घासतं, कडीच्या बाजूला. खोली आठ. दार वरच्या कोपऱ्यात...” त्या थांबल्या, चष्म्यावरून बघितलं. “अरे, किती दारं आहेत तुझ्या खोली आठला? खोली आहे की धर्मशाळा?”

रंगारी फिसकन हसला. गटप्रमुखानं टॅबकडे बघितलं आणि त्याचे कान लाल झाले. “काकी, मजला राहिला वाटतं. दोन मिनिटं द्या, मी...”

“राहू दे, राहू दे. मजला म्हणजे काय, किरकोळ गोष्ट. तुला कशाला हवा मजला? खोली आठ. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग, पुट्टी भरली. खोली आठ. तिरकी भेग, पुट्टी भरली. खोली आठ. तिरकी भेग, पुन्हा.”

आता सुतारही हसत होता. भावजी मान खाली घालून पलंगाच्या फळीवरचा न दिसणारा धुरळा झटकत होते. बाईंचा आवाज चढला होता, त्यात लय आली होती.

“खोली आठ. फरशीचा सांधा उघडला. खोली आठ. खिडकी सरकत नाही. खोली आठ. दार घासतं. खोली आठ. फरशीचा सांधा उघडला. खोली आठ. तिरकी भेग, खिडकीपासून खाली...”

आणि इथं बाईंना स्वतःचा आवाज ऐकू आला.

तोंड पुढे वाचतच होतं. खोली आठ, दार. खोली आठ, भेग. डोळे मात्र कागदाच्या कडेला गेले होते, जिथं त्यांनीच काल लाल पेनानं आकडे लिहिले होते: आठ, नऊ, अकरा, सात, एकसष्ट. काल त्या आकड्यांकडे बघून त्यांना हसू आलं होतं. चार खोल्या, एकावर एक, मागच्या कोपऱ्यात. दारं सगळी एकाच बाजूला घासत होती. भेगा सगळ्या एकाच दिशेला उतरत होत्या. वहीत ह्या नोंदी चार वेगवेगळ्या भागांत होत्या, प्रत्येक मजल्यावर काही सुताराच्या, काही रंगाऱ्याच्या, आणि त्यातल्या बहुतेक रेघेखाली. अशा कशा दिसणार होत्या?

त्या थांबल्या.

“पुढं, बाई?” सुतार अजून हसत होता.

बाईंनी सुताराकडे बघितलं. “तळमजल्यावरचं आठ नंबरचं दार तुम्ही किती वेळा तासलंत?”

“चारदा.” सुताराला वाटलं हाही थट्टेचा भाग आहे. “तासून तासून अर्धं राहिलंय ते.”

“पहिल्या मजल्याचं?”

“तीनदा.”

“दुसऱ्या?”

“तीनदा. तिसऱ्याचं सोमवारी तुमच्यासमोर तासलं, ते धरून तीन.”

“आणि सात नंबरची?”

“सात नंबर?” सुताराचं हसू ओसरलं. “सात नंबरला हात लावावा नाही लागला, बाई. कुठल्याच मजल्यावर.”

भावजींनी मान वर करून एकदा बाईंकडे, एकदा अण्णांकडे बघितलं. काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं. नवऱ्याला कळलं होतं, तो उभा राहिला होता. अण्णांना आज सगळं ऐकू आलं होतं.

“ओळंबा आण,” अण्णा सुताराला म्हणाले.

गच्चीवरून, मागच्या कोपऱ्याच्या कडेनं, सुतारानं ओळंबा सोडला. वर भिंतीपासून दोरी एक वीत लांब धरली होती. खाली लोलक हलायचा थांबेपर्यंत सगळे उन्हात उभे राहिले. मग अण्णा गुडघ्यावर बसले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं मोजलं. एक वीत आणि दीड बोट जास्त, म्हणजे भिंत वर बाहेर झुकली होती. त्यांनी पुन्हा मोजलं. गवंड्याचा हात होता, पुन्हा मोजूनही तेवढंच भरलं.

“कोपरा खाली बसतोय,” अण्णा म्हणाले.

“पण का?” भावजींचा आवाज बारीक झाला होता. “पाया तर सगळीकडे सारखाच आहे ना?”

नवरा चार पावलं पुढे गेला होता आणि ओल्या मातीत पाय रुतल्यामुळे थांबला होता. त्याच्या पायाशी चेंबरचं झाकण होतं. त्यानं आणि रंगाऱ्यानं मिळून ते उचललं. आत टाकीच्या ओव्हरफ्लोचं पाणी पडत होतं, मजुरांच्या मोरीचं पाणी पडत होतं, कितीतरी महिने पडत आलं होतं, आणि पुढे जाणारा पाइप कोरडा ठणठणीत होता. तळ फुटला होता. पाणी येत होतं आणि तिथंच, कोपऱ्याच्या पायाखाली, जात होतं.

“हे कोणाच्याच यादीत नव्हतं?” अण्णांनी विचारलं.

गटप्रमुख टॅब घेऊनच बाहेर आला होता. त्यानं बोटानं यादी वर सरकवली, खोली आठच्या खाली, अगदी शेवटाला. तिथं एक मिटलेला गट होता, ‘इतर’. त्यानं तो उघडला. आत एकच नोंद होती: मागच्या कोपऱ्यातलं चेंबर, पाणी मुरतं. पाच महिन्यांपूर्वीची तारीख.

“होतं,” तो हळूच म्हणाला.

“मग ‘इतर’मध्ये कोणी टाकलं?” आता भावजींना राग यायला माणूस सापडला होता. “इमारतीला टेकून चेंबर आहे, आणि ‘इतर’? कोणी टाकलं?”

“मी टाकलं, बाबा.”

त्यानं बाईंकडे बघितलंसुद्धा नाही. डावपेच म्हणून बोलला असता तर बाईंना ते समजलं असतं आणि तोंड देता आलं असतं. पण डावपेच करण्याइतका तो हुशार नव्हता, हे त्यांनीच वीस वर्षं सगळ्यांना सांगितलं होतं. भावजी त्याच्यावर तुटून पडले. शिक्षण काढलं, अ‍ॅप काढलं, नवा शर्टही काढला. बाई उभ्या होत्या. एकोणीस वर्षांचं नाव, वही, पुढची इमारत, सगळं शाबूत राहत होतं, फक्त गप्प बसायचं होतं. आणि बाई गप्प बसल्या. फार नाही, भावजींची चार-पाच वाक्यं होईपर्यंत. पण बसल्या, आणि बसलो हे त्यांचं त्यांना कळलं, आणि आयुष्यात कधी कुठल्या सुताराची, रंगाऱ्याची, कोणाची वाटली नव्हती एवढी त्यांना स्वतःची किळस वाटली.

“भावजी, त्याला बोलू नका.” बाई मधे आल्या. “बोट त्याचं होतं. टाक म्हणून मी सांगितलं. तो विचारायला आला होता आणि मी त्याला हसले. सगळ्यांसमोर.”

सुतारानं आणि रंगाऱ्यानं एकदमच दुसरीकडे बघितलं. तेही हसले होते.

अण्णा अजून गुडघ्यांवरच होते. त्यांनी सुनेकडे बघितलं. “सूनबाई, शनिवारी मुली येणार आहेत.”

“नाही येणार, अण्णा.”

बाईंनी पर्स उघडून घडी केलेला कागद काढला. खालची सही ठसठशीत होती, बाईंची सही नेहमीच ठसठशीत असायची. तारखेची जागा रिकामी होती. त्यांनी कागद फाडला, पुन्हा फाडला, आणि तुकडे पर्समध्येच परत टाकले, साइटवर कचरा करायची त्यांना सवय नव्हती. मग फोन काढून वसतिगृहाच्या मुख्य बाईंना लावला आणि स्पष्ट सांगितलं: मुलींना आणू नका, एकीलाही नाही, इमारत सुरक्षित नाही, माझी नजर चुकली. पलीकडच्या बाई काय काय बोलल्या ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं. एकदाही मधे बोलल्या नाहीत.

फोन ठेवला तेव्हा सुतार पाणी बंद करायला गच्चीवर गेला होता, नवरा पाया उकरायला माणसं बोलवत होता, भावजी कुठं तरी उभे राहून घाम पुसत होते. गटप्रमुख एकटा चेंबरपाशी थांबला होता, टॅब हातात धरून, काय करावं ते न कळून.

“काकी,” तो म्हणाला, “ही एकसष्ट कामं आता कुठल्या गटात घालू? सुतारकामात, रंगकामात, की...”

“एकच गट कर.”

“नाव काय देऊ?”

“दिलंयस ते. खोली आठ.”

त्यानं लिहिलं. सवयीनं त्याचं बोट पुढच्या रकान्यावर गेलं. “मजला?”

“मजला नको लिहूस,” बाई म्हणाल्या. “आणि सगळ्यात वर ते चेंबर घे. समोर माझं नाव टाक.”